घरातले विज्ञान : बेरीज बरोबर, तरी बॅटरी धोक्यात



गेल्या रविवारी साकीनाक्याला एका घरी आमचे जाणे झाले. घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्याने रिमोटवर उडणारे थर्माकोलचे विमान स्वतः बनविले. दहा बाय बाराची खोली, माणसे सहा, आणि विमानाची बॅटरी दारालगतच्या फळीवर चार्जिंगला लावलेली. "काका, विमान वर गेले की मोटर नरम पडते. नवी घ्यावी लागेल का?" त्याने विचारले. नवी मोटर म्हणजे आईच्या पगाराला कात्री. आम्ही म्हणालो, "आधी मोजू, मग खर्चाचे बोलू."

ही बॅटरी लिथियम-आयन कुळातली. मोबाइलमध्ये असते तीच जात. १९९१ साली ती बाजारात आली आणि २०१९ साली तिच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलाच्या पॅकमध्ये तीन सेल एकापुढे एक जोडलेले होते. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट; तिघांचे मिळून १२.६. मुलाने मीटर लावून दाखविले, बरोबर १२.६! मग दोष मोटरचाच, असे कुणालाही वाटेल.

पण अशा पॅकला दोन जाड वायरींखेरीज चार बारीक वायरींचा एक छोटा पांढरा प्लग असतो. त्यातल्या शेजारशेजारच्या दोन-दोन वायरींवर मीटर धरले की एकेक सेल वेगळा मोजता येतो. तसे मोजले. पहिला ४.४, दुसरा ४.४, आणि तिसरा ३.८. बेरीज १२.६ च! साधा चार्जर फक्त जाड वायरींवर लावलेला होता. त्याला बेरीजच दिसत होती. दुबळा सेल उपाशी राहिला आणि बाकीच्या दोघांत मर्यादेबाहेर वीज भरली गेली. उड्डाणात भार पडला की हाच दुबळा सेल आधी कोसळायचा आणि मोटर नरमायची. मोटर निर्दोष होती. धोका मात्र मोठा होता, कारण जादा भरलेला सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. त्यात घराचे दार एकच.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पांढरा प्लगही जोडून घेणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. २२०० एमएएचच्या पॅकला २.२ अॅम्पियरहून जास्त करंट देऊ नये. एखादा सेल पुन्हा पुन्हा मागे पडत असेल तर पॅक निवृत्त करावा. सेल ३ व्होल्टखाली जाऊ देऊ नये. बरेच दिवस ठेवायचा असल्यास ३.८ वर ठेवावा. प्लग गरम होत असेल तर सोल्डरिंगचा सांधा तपासावा. फुगलेला पॅक चार्ज करू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. चार्जिंग मातीच्या कुंडीत, दारापासून व अंथरुणापासून दूर, आणि माणूस जागा असतानाच करावे.

आणखी एक. साकीनाका विमानतळाला लागून आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशा भागात परवानगीशिवाय विमान उडविता येत नाही. गच्चीवरून तर नाहीच.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. मीटर हे त्या पारखण्याचेच साधन आहे. आणि बेरीज चांगली दिसते म्हणून त्यातला उपाशी घटक सुखी आहे असे समजू नये, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

त्या मुलाने तो पॅक बाजूला काढला. मोटरचे पैसे वाचले, त्यात चांगला चार्जर येईल. त्याची आई म्हणाली, "आता फळी दारापासून हलवते." आम्हाला तेवढे पुरे झाले.

जयभीम!