काळा वेष

गेल्या वैशाखांत आमच्या नेरूळच्या बिऱ्हाडीं धाकट्या नातवाची मुंज झाली. मुहूर्त जवळ आला असतां त्याची थोरली बहीण खोलींतून बाहेर आली ती नखशिखांत काळ्या वेषांत. काळा पायघोळ झगा, डोळ्यांभोंवतीं दाट काजळ, बोटांत कवटीची अंगठी! घरांतील वडील स्त्रियांनीं नाकें मुरडलीं; आम्हीं तर मास्तरकीच्या जुन्या संवयीनें तिला चारचौघांत फटकारलें. "आबा, संक्रांतीला आजी काळी चंद्रकळा नेसते, ती चालते ना?" एवढें बोलून ती आंत गेली व दार लावून बसली. भिक्षावळीच्या वेळीं बटूनें "ताई कुठें आहे?" असें दोनदां विचारलें, आणि आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

ज्याचा धिक्कार केला तें निदान समजून तरी घ्यावें, म्हणून आम्हीं या 'गॉथ' वेषाचें मूळ शोधिलें. तें वाचकांस सांगतों.

१९७६ सालीं, म्हणजे आम्ही शालान्त परीक्षेस बसलों त्याच वर्षीं, लंडनमध्यें 'पंक' नांवाची टूम गाजूं लागली. विलायतेंत बेकारी वाढली होती व तरुणांस पुढचा मार्ग दिसेना. फाटके सदरे, त्यांस टोंचलेल्या सेफ्टी पिना, गळ्यांत कुत्र्याचे पट्टे, खिळ्यांसारखे उभे केलेले केस. प्रतिष्ठित जगाचा हा उघड उपमर्दच होता. किंग्ज रोडवरील व्हिव्हिएन वेस्टवूड व माल्कम मॅक्लॅरेन यांच्या दुकानानें या वेषास आकार दिला, तर 'सेक्स पिस्टल्स' या गायकमंडळानें त्यास आवाज दिला.

परंतु क्रोध फार दिवस टिकत नाहीं. १९७८ सालीं तें मंडळ फुटलें. त्यांच्याच श्रोत्यांतून पुढें आलेल्या सूझी सू या गायिकेचे काळेभोर केस व दाट काजळ यांचें अनुकरण होऊं लागलें. १९७९ सालीं 'बाउहाउस' या मंडळानें, ड्रॅक्युलाच्या भूमिकेनें गाजलेल्या बेला लुगोसी या नटाच्या मृत्यूवर गीत काढिलें. १९८२ सालीं लंडनच्या सोहो भागांत 'बॅटकेव्ह' हा क्लब निघाला, आणि फाटक्या सदऱ्याशेजारीं मखमल, लेस व चांदीचे दागिने येऊन बसले. यांत व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या सुतकी वेषाची उसनवारी स्पष्ट दिसते. १८६१ सालीं पति वारल्यापासून १९०१ सालीं स्वतः निवर्तेपर्यंत त्या राणीनें काळीं वस्त्रें सोडलीं नाहींत. साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर रौद्राची जागा करुण व भयानक या रसांनीं घेतली. आणि भयानकाचा वर्ण भरतमुनींनीं कृष्णच सांगितला आहे!

'गॉथ' हें नांवही मूळचें गौरवाचें नव्हे. इसवी सन ४१० मध्यें रोम लुटणाऱ्या टोळ्यांचें तें नांव. पुढें इटलींतील विद्वानांनीं मध्ययुगीन चर्चांच्या बांधणीस तेंच नांव तुच्छतेनें दिलें. त्याच शैलीचा वारसा सांगणारें आपलें बोरीबंदर स्टेशन १८८८ सालीं पुरें झालें, व २००४ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. नेरूळहून लोकलनें आम्ही तेथेंच उतरतों आणि त्या कमानींकडे कौतुकानें पाहतों. दगडांत जें आम्हांस शोभिवंत वाटतें, त्याचें नांव नातीच्या अंगावर मात्र सोसवेना!

एवढें जाणून घेतल्यावर आम्हीं तिला हळूच विचारलें, "बाळ, तुला कसलें दुःख आहे का?" ती हंसून म्हणाली, "नाहीं हो आबा. मला हें सुंदर वाटतें, इतकेंच."

असो. मंगल कार्यांत वडिलांचें मन राखावें, हें सांगण्याचा आपला अधिकार आम्ही सोडीत नाहीं. परंतु तें आदल्या दिवशीं, एकांतांत सांगावयास हवें होतें. काळ्या झग्यानें मुंज अडली नसती. बहिणीवांचून मात्र ती अपुरी राहिली.