मुद्दाम की चुकून?

बालमित्रांनो, समजा तुम्ही वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीत मे महिन्याच्या सुट्टीत आहात. शेजारच्या काकींच्या घराचं कौल खळ्ळकन फुटतं. काकी ओरडत बाहेर येतात आणि तुम्ही म्हणता, ‘‘मिया मुद्दाम नाय केलंय!’’

कायदाही नेमकं हेच विचारतो. कौल फुटलं, पण त्या वेळी मनात काय होतं?

पायऱ्या चार. सकाळी काकी रागावल्या, म्हणून कौल फोडायलाच दगड मारला, तर तो हेतू. नेम कैरीवर होता, पण आधीचे दोन दगड छपरावर पडलेले पाहूनही तिसरा मारला, तर ती जाणीव. मागे घर आहे का, हे बघितलंच नाही, तर तो निष्काळजीपणा. आणि बाबा झेल्याने जपून आंबे उतरवत असताना चांगली मजबूत काठी अचानक मोडून पडली, तर तो अपघात.

दुसऱ्याच्या वस्तूचं असं नुकसान करण्याला कायद्यात ‘आगळीक’ म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर ती गुन्हा ठरते. तिसरीवर ठरत नाही. पण काकींना नवं कौल आणून द्यायला हवंच की!

कौल नवं घालता येतं. माणूस गेला तर? तिथे निष्काळजीपणाही गुन्हा ठरतो, आणि पायरी ठरवताना न्यायाधीशांचाही कस लागतो.

12 नोव्हेंबर 2006 ची पहाट. मुंबईत बांद्र्याच्या कार्टर रोडवर मजूर फुटपाथवर झोपले होते. भरधाव मोटार त्यांच्या अंगावर गेली. 7 जण दगावले, 8 जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. कुणाला मारायचा त्याचा हेतू नव्हता, म्हणून हा खून नव्हे. खालच्या कोर्टाने हा निष्काळजीपणा मानला आणि 6 महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा 3 वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती कायम ठेवली. का? दारू पिऊन असं वाहन हाकलं तर माणसं मरू शकतात, याची जाणीव त्याला होतीच, असं न्यायालयाने मानलं. म्हणजे हा सदोष मनुष्यवध!

मन काही डबा उघडून बघावं तसं बघता येत नाही. माणूस कसा वागला, यावरून ते ओळखावं लागतं.

आणि तुमच्यासारख्यांचं काय? 7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायदा गुन्हा मानतच नाही. 7 ते 12 वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, ते पाहतो. 1860 च्या दंड संहितेतला हा नियम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

आता एक कोडं. सायकलचे ब्रेक गेलेत हे ठाऊक असूनही तुम्ही ती गर्दीच्या उतारावरून सोडली आणि एका आजोबांना धडकलात. ‘‘मुद्दाम नाही केलं’’ हे खरंच. पण पायरी कुठली? आईबाबांशी बोला आणि ठरवा. आणि हो, ब्रेक आजच दुरुस्त करून घ्या!