राजूरच्या बाजारात गल्ला कुणाचा?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले राजूर हे गणपतीचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना केली जाते आणि अंगारकी चतुर्थीला तेथे भाविकांची रीघ लागते. श्रद्धा ज्याची त्याची. तिच्याशी आज आम्हाला कर्तव्य नाही. आम्ही बोलणार आहोत ते या गर्दीवर चालणाऱ्या पोटाविषयी. नारळ, फुले, खेळणी, बांगड्या, चहा-भजी विकून घर चालविणाऱ्या माणसाला या बाजारात हक्काची जागा कोणती, हा आमचा प्रश्न आहे.

तीर्थक्षेत्राच्या विकासाची भाषा सुरू झाली की रस्ते, सभामंडप, भक्तनिवास आणि वाहनतळ यांचे आराखडे निघतात. त्यात हातगाडीला रकाना नसतो. रस्ता रुंद करायचा ठरला की पहिल्यांदा हलते ती हातगाडीच! गाळे बांधले तर त्यांचा लिलाव होतो आणि अनामत रक्कम भरण्याची ज्याची ऐपत, त्याचाच गाळा होतो. बाजार सुधारतो, पण बाजार ज्यांनी जागता ठेवला ते बाहेर पडतात.

यावर कायदा नाही काय? आहे. पथविक्रेता संरक्षण कायदा 2014 साली झाला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होईपर्यंत त्यांना उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातील एक तृतीयांश महिलांच्या. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंगांनाही त्यात प्रतिनिधित्व आहे. पण हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. म्हणजे भोकरदनच्या नगरपरिषद हद्दीत विक्रेता हक्कदार, आणि त्याच तालुक्यातील ग्रामपंचायतीच्या गावात तोच माणूस अतिक्रमणदार! हा कुठला न्याय?

कर्जाचीही तीच कथा. 2020 साली पीएम स्वनिधी योजना आली. ऑगस्ट 2025 मध्ये तिची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली; पहिले कर्ज 15,000, दुसरे 25,000 आणि तिसरे 50,000 रुपयांपर्यंत झाले. व्याप्ती जनगणना नगरे व शहरालगतच्या भागांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले. खेड्यातला विक्रेता मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याच्यासाठी उरते मुद्रा योजनेचे 50,000 रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज आणि 1978 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवल योजना. त्याही बँकेच्या दारातूनच जातात. बँकेने फाइल अडवली की गावात सावकार आहेच.

आमच्या समाजाला तर आणखी एक भिंत ओलांडावी लागते. खुद्द बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला, तेव्हा जात कळताच ग्राहक पाठ फिरवून गेले. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 ने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ सांगितला; पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो, अशी त्यांची भूमिका होती. दुकानात शिरण्याचा हक्क अशा रीतीने मिळाला. पण दुकान थाटण्यासाठी जागा लागते, भांडवल लागते आणि जात न विचारणारे गिऱ्हाईक लागते. ते घटनेने आपोआप मिळत नाही. त्यासाठी संघटितपणे भांडावे लागते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. यात्रेची गर्दी असणाऱ्या ग्रामपंचायतींना पथविक्रेता कायद्याचे संरक्षण राज्य सरकारने लागू करावे. स्वनिधीची कक्षा राजूरसारख्या गावांपर्यंत न्यावी. तीर्थक्षेत्र विकास निधीच्या प्रत्येक आराखड्यात ओटे, सावली, पाणी, दिवे आणि महिलांसाठी स्वच्छतागृह यांची तरतूद सक्तीची करावी. गाळ्यांपैकी ठराविक गाळे लिलावाशिवाय, परवडणाऱ्या भाड्याने मागासवर्गीय व महिला विक्रेत्यांना द्यावेत.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? ग्रामपंचायत बाजाराची फी घेते, तर त्या फीचा हिशेब मागण्याचा अधिकार गावाला आहे. स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. ती कुठे खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. विक्रेत्यांची यादी स्वतः तयार करा, ठराव मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याशिवाय उठू नका. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले, ते बाजारपेठेलाही लागू आहे. गर्दी आपल्या घामावर जेवणार असेल, तर गल्ल्यावरही आपला माणूस बसलाच पाहिजे!