बुडी मारण्याआधी खरे सांगा, ‘नको’ म्हटले तर ऐका

पावसाळ्यात भिवपुरीचा धबधबा, आषाणे, सोलनपाडा इथे काय होते, हे कडाव-कर्जतच्या माणसाला सांगायला नको. बाहेरून पाहुणे येतात. गावकरी बजावतात की वर पाऊस आहे, पुढे जाऊ नका. काही जण तरीही जातात आणि नको ती बातमी येते. ‘यांना कळत कसे नाही?’ असे आपण म्हणतो. पण पाऊस सरला की आपल्याच भागातून गाड्या भरून मालवणला जातात. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे, त्याच्या आसपासच्या पाण्यात स्कूबा डायव्हिंग करायचे असते. तिथे पाहुणे आपण असतो. म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली आपल्या शरीराची. हौशी पर्यटकांना प्रशिक्षक सोबत राहून थोडेच खोल नेतात आणि बहुतेक जण आनंदाने परततात. तरीही हा जत्रेतला पाळणा नव्हे. पाण्यात १० मीटर खाली गेलो की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. विहिरीत सूर मारणारा माणूस वरची हवा छातीत भरून खाली जातो. ती खाली आकसते आणि वर आल्यावर पुन्हा होती तेवढीच होते. स्कूबामध्ये मात्र आपण सिलिंडरमधली हवा त्या खोलीवरच्या दाबाने घेतो. ती रोखून धरून वर आलो तर ५ मीटरवरची हवा दीडपट फुगते, १० मीटरवरची दुप्पट. फुप्फुसाला इतके ताणता येत नाही. ते फाटून हवा रक्तात शिरली आणि मेंदूपर्यंत गेली तर लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. एक-दीड मीटरवरूनही अशी इजा होऊ शकते. म्हणून पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही. नदीत-विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हे अधिक लक्षात ठेवावे, कारण त्यांना सवय नेमकी उलटी असते.

बोटीत चढण्यापूर्वी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, फिट, हृदयविकार, कानाचा पडदा फाटलेला असणे, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठलेली असणे, गर्भारपण, सगळ्यापुढे ‘नाही’ लिहून सही ठोकली जाते. प्रशिक्षकाला आपल्या छातीत डोकावता येत नाही, त्याच्या हाती तेवढाच कागद असतो. असा काही त्रास असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. साधी सर्दी असली तरी बुडी टाळावी. नाक चिमटीत धरून हवा कानात सोडता आली नाही, तर दाबाने कानाचा पडदा दुखावतो. आदल्या रात्री दारू तर नकोच.

परतीची घाईही नको. दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि बाहेर पडायला वेळ घेतो. उथळ, थोड्या वेळाच्या एका बुडीत धोका फारच कमी. तरी विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, अनेक बुड्या झाल्या असतील तर १८. सुमारे ६०० मीटरहून उंच घाट चढायचा असेल, तरी हीच सावधगिरी बरी. आंबोली त्याहून उंच आहे.

दुसरी गोष्ट तिथल्या माणसांची. मालवणात आपल्याला पाण्याखाली नेणारे कित्येक तरुण मच्छीमार घरांतले आहेत. वारा फिरला, पाणी गढूळ झाले, ओढ वाढली, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या उमगत आले आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. मासेमारीवरही जून-जुलैत बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होड्या नव्याने लोटण्याची रीत आहे. त्या दिवशी मालवणात नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. आपण तो गंमत म्हणून पाहतो, पण त्या सणामागे उधाणलेल्या समुद्रापुढे थांबण्याचे शहाणपण आहे.

अशा माणसाने सकाळी ‘आज नको’ म्हटले की आपण काय करतो? ‘आठ तास गाडी चालवून आलोय, पैसे भरलेत,’ म्हणून हुज्जत घालतो. त्याचे घर हंगामावर चालते. चार गिऱ्हाइकांनी जोर लावला तर त्यालाही नकारावर ठाम राहणे जड जाते. तेव्हा बुकिंग करतानाच सांगून टाकावे की दर्या ठीक नसेल तर आम्ही वाद घालणार नाही. व्यावसायिकांनीही अशा दिवसाचे पैसे मुकाट्याने परत करावेत आणि आरोग्याचा फॉर्म मराठीतून वाचून दाखवावा.

सोलनपाड्याला आलेल्या पाहुण्याने आपले ऐकावे, असे आपल्याला वाटते ना? मग मालवणात तेवढेच आपणही करावे. मासे, प्रवाळ आणि किल्ला कुठे जात नाहीत. पाणी निवळले की पुन्हा जाता येते.