पिल्लं उचलणाऱ्यांची बाजू

"तुम्ही लोक कुत्री वाचवता, म्हणूनच ती वाढतात." सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय संपला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारे काका किंवा काकू दुष्ट नसतात. त्यांच्या मनातली भीतीही खोटी नसते. पहाटे दूध टाकायला निघालेल्या पोऱ्यामागे टोळकं लागतं, शाळेतून येणाऱ्या मुलीला चावा बसतो आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या आईच्या मुलाला कुत्रं चावलंय तिच्यापुढे भूतदयेवर बोलणारा माणूस कुत्र्यांचं भलं करत नाही. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री दाखवूनही हा वाद मिटायचा नाही. तो हिशोबानेच मिटवावा लागेल.

मग हिशोबच मांडू. कुत्री वाढतात ती विण्यामुळे. कुत्रीचा गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा. ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात. त्यातली बरीचशी गाडीखाली, पावसात, आजारात जातात. जगतात त्यातली मादी वर्षभराच्या आत स्वतः व्यायला तयार होते. अशा वेळी रस्त्यावरून उचललेली, घरात वाढलेली आणि वयात येताच नसबंदी झालेली एक मादी म्हणजे तिच्यापासून पुढे होणाऱ्या सगळ्या वेतांचा शेवट. वाचवल्याने संख्या वाढते हा आरोप इथेच गळून पडतो. अर्धवट वाचवल्याने मात्र वाढते. खायला घातलं, जखमेला मलम लावलं आणि नसबंदी न करता सोडून दिलं, तर आरोप करणारे बरोबर आहेत.

"मग मारून का टाकत नाहीत?" असं सभेत कुणी मोठ्याने विचारत नाही, जिन्यात विचारतात. मारून संपायची असती तर मुंबईतली कधीच संपली असती. 1832 च्या उन्हाळ्यात कंपनी सरकारने तिथे एका कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावलं होतं. शिपाई घरांच्या दारांपर्यंत शिरले, तेव्हा 6 जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि फोर्टात दंगल झाली. त्यानंतरही मारणं थांबलं नाही. ते थेट विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालू होतं. कुत्री तरीही राहिली, कारण कचऱ्याचे ढीग राहिले. एका गल्लीतली कुत्री संपली की शेजारच्या गल्लीतली तिथे येतात आणि ती नसबंदी न झालेली, लस न टोचलेली असतात.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 2013 पासून घरोघर, वाड्यावाड्यांत कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची मोहीम चालली. दरवर्षी सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळू लागली तेव्हा साखळी तुटली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्यासाठी गोव्यातली कुत्री हटवावी लागली नाहीत. हात लावू देणारं कुत्रं मात्र लागलं, कारण सुई टोचायला आधी ते धरता आलं पाहिजे.

आता सर्वांत लोकप्रिय उपाय: "सगळ्यांना शेल्टरमध्ये टाका." 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी जवळजवळ असाच आदेश दिला होता. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. रेबीजची लागण झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीच्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडा, असं सांगितलं. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं अशा आवारांपुरता वेगळा, कडक आदेश आला. म्हणजे शेल्टरची गरज राहणारच. जखमी, म्हाताऱ्या, चावऱ्या कुत्र्यांसाठी ती बांधलीच पाहिजेत. माझा विरोध आहे तो पिल्लांना तिथे टाकण्याला.

पार्व्हो झालेलं पिल्लू ज्याने जवळून पाहिलंय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. सकाळपर्यंत खेळणारं पिल्लू दुपारी कोपऱ्यात जाऊन बसतं, पाणीसुद्धा ओकतं आणि रात्री रक्ताची पातळ शी होते. तिचा कुबट, लोखंडी वास फिनेलनेही जात नाही. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. वीस पिल्लं एका आवारात असतील तर एकाचा आजार चार दिवसांत सगळ्यांचा होतो. चांगले डॉक्टर, सलाइन, स्वच्छता असूनही पिल्लं हातची जातात. तीच पिल्लं दोन-दोन करून दहा घरांत असती, तर निदान एका घरातला आजार दुसऱ्यात गेला नसता.

त्याहून मोठं कारण मात्र दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, काठी घेऊन चालणारे आजोबा, आरडाओरडा करणारी मुलं हे सगळं तेव्हाच ओळखीचं व्हावं लागतं. ते दिवस पिंजऱ्यात गेले तर कुत्रं भित्रं होतं आणि भित्रं कुत्रं चावतं. चाव्यांची ज्यांना खरोखर काळजी आहे, त्यांनी फॉस्टर घरांना विरोध करण्याचं काहीच कारण नाही. ही तात्पुरती पालकघरं दोन-तीन महिने पिल्लू सांभाळतात, जंताचं औषध आणि लशी देतात, माणसांत राहायला शिकवतात आणि मग कायमच्या घरी पाठवतात.

काम सोपं नाही. आई मेलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू आलं तर आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. तेही गाईचं नाही, पिल्लांसाठी मिळणारी पावडर कोमट पाण्यात कालवून. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवूनच पाजायचं, रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसाने शी-शूच्या जागा पुसायच्या, कारण त्याशिवाय त्याला ती होत नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. पालिकेच्या गाडीकडून हे होणार नाही. ती मोठी कुत्री नसबंदीला न्यायला येते.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. आई जवळपास असलेली, पोटभर दूध पिऊन झोपलेली पिल्लं उचलून आणणं हे वाचवणं नव्हे. थोडं लांब उभं राहून वाट पाहिली तर आई परत येताना दिसते. आणि दोन खोल्यांत पंचवीस कुत्री कोंडून स्वतःला प्राणिमित्र म्हणवणारा माणूस त्या कुत्र्यांचा छळ करतो आहे. फॉस्टर घराला "आता नाही" म्हणता आलं पाहिजे. फोटो पाहून भाळलेल्या पहिल्या माणसाच्या हाती पिल्लू देणंही तितकंच वाईट. घर पाहायचं, घरातल्या प्रत्येकाशी बोलायचं, घरमालकाची हरकत नाही ना ते विचारायचं आणि नसबंदीची अट लेखी घ्यायची. जमलं नाही तर पिल्लू आमच्याकडे परत येईल, रस्त्यावर जाणार नाही, हेही लिहून घ्यायचं. कुत्रं टाकून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. त्या दंडाला कोण घाबरणार? म्हणून हा करार आपणच पाळायचा आणि पाळायला लावायचा.

"देशी कुत्रं घरात टिकत नाही" हा शेवटचा आक्षेप. आपल्या उन्हाळ्यात हस्की एसीशिवाय धापा टाकतो, तरी तो टिकतो असं आपण मानतो. देशी कुत्र्याची आखूड केसांची कातडी याच हवेत घडली आहे. लहानपणी माणसांत वाढलेलं देशी पिल्लू वन बीएचकेमध्ये सोफ्याचा कोपरा स्वतःचा करून बसतं, फक्त त्याला सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणावं लागतं.

पालिकांकडे माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रभागात फॉस्टर घरांची नोंद ठेवा. त्यांच्याकडच्या पिल्लांना पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी पालिकेच्या दवाखान्यात मोफत द्या. पिल्लू दत्तक गेलं की त्याच्या नसबंदीची तारीख तिथेच नोंदवा आणि ती उलटली तर घरी फोन करा. नव्या शेल्टरसाठी जागा शोधण्यात वर्षं जातात. हे काम पुढच्या विणीच्या हंगामाआधी सुरू होऊ शकतं.