वेग आणि वचन

मराठीच्या अध्यापकांनी ऑपरेटिंग सिस्टीमवर लेख लिहावा, हे अनेकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हांलाही तसेच वाटले असते. संगणक हे आमच्या लेखी टंकलेखनाचे सुधारलेले यंत्र होते. त्याच्या आत कोणती प्रणाली चालते आणि ती कोणत्या तत्त्वाने घडवलेली आहे, हा अभियंत्यांचा प्रश्न, असे आम्ही धरून चाललो होतो. हा समज एका प्रसंगाने मोडला.

२००३ च्या सुमारास, एम.ए.ला असताना, आम्ही एका प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या एका मराठी फाँटसंचात टंकित केल्या. या संचांत मराठी अक्षरांना स्वतःची अशी जागा नव्हती. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. दहा वर्षांनी नवा संगणक आला, त्यावरच्या प्रणालीने तो जुना संच चालवण्यास नकार दिला आणि आमच्या ओव्या रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन पडद्यावर उभ्या राहिल्या. मूळ वह्या तोवर वाळवीने खाल्ल्या होत्या. रूपांतराची खटपट करून बराच मजकूर परत मिळाला, पण जोडाक्षरे आणि रफार जागोजागी बिघडले. काही ओव्यांचा पाठ आजही संशयित आहे आणि विचारायला त्या गाणाऱ्या बायका उरलेल्या नाहीत. पाठचिकित्सा हा विषय आम्ही वर्गात शिकवतो. आपल्याच हयातीत, आपल्याच हाताने लिहिलेल्या मजकुराची पाठचिकित्सा करावी लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

तेव्हापासून आम्ही या विषयाचे जमेल तसे वाचन करीत आलो. त्यातून एक मत बनले आहे, ते येथे मांडतो.

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, ही संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधली व्यवस्था. प्रत्येक प्रोग्रॅम तिच्याकडे काही ना काही मागत असतो: स्मृतीत जागा दे, ही फाइल उघड, हे अक्षर पडद्यावर काढ. या मागण्या कशा करायच्या आणि त्यांना काय उत्तर मिळेल, याचे ठरलेले संकेत असतात. म्हणजे कार्यप्रणालीवर दुसऱ्यांची घरे उभी असतात. पाया बदलायचा, तर किती वेगाने आणि कोणाला विचारून, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे.

या वादात स्थैर्याच्या बाजूचे ठळक उदाहरण म्हणजे लिनक्सवर आधारलेली डेबियन ही प्रणाली. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ती सुरू केली आणि आजही ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते. डेबियनचे एकाच वेळी तीन प्रवाह वाहत असतात. नवे सॉफ्टवेअर प्रथम 'अस्थिर' प्रवाहात येते. तेथे काही दिवस राहून गंभीर दोष आढळला नाही, तर ते 'चाचणी' प्रवाहात जाते. चाचणीतला सगळा संच एका टप्प्यावर गोठवला जातो, दोष काढले जातात आणि मग त्यातून 'स्थिर' आवृत्ती जाहीर होते. अस्थिर प्रवाहाचे कायमचे नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या, खेळणी मोडणाऱ्या मुलावरून ते घेतलेले आहे. स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येत राहतात, पण नवलाई म्हणून काही येत नाही.

या धोरणाची किंमतही डेबियनने मोजली आहे. जुलै २००२ मधल्या आवृत्तीनंतरची पुढची आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली. जवळजवळ तीन वर्षे वापरणाऱ्यांनी जुन्या सामानावर संसार केला. दरम्यान २००३ मध्ये फेडोरा आणि २००४ मध्ये उबुंटू या प्रणाली आल्या. त्यांनी साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचा परिपाठ घातला. यांपैकी उबुंटू तर डेबियनच्याच सामग्रीवर उभी होती. नवे यंत्र विकत घेतले आणि प्रणाली ते ओळखतच नाही, असा अनुभव आलेल्या माणसाला स्थैर्याचे गोडवे ऐकवण्यात अर्थ नसतो. वेगाची मागणी हौसेपोटी आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

याहून गंभीर आक्षेप असा की, स्थैर्याच्या नावाखाली पुष्कळदा निव्वळ आळस खपतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचे कामकाजही त्यात विस्कळीत झाले. ज्या दोषातून तो शिरला, त्याची दुरुस्ती विंडोजच्या निर्मात्यांनी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांचे यंत्र बदललेले नव्हते. पण ते स्थिर होते असे कोणी म्हणणार नाही. न बदलणे आणि स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडके वाडेही बराच काळ जागचे हलत नाहीत.

मग स्थैर्य म्हणजे काय? आमच्या मते त्याचे उत्तर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कार्यपद्धतीत सापडते. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेला हा गाभा अत्यंत वेगाने बदलतो; दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. आतल्या भागांच्या परस्परसंबंधांविषयी कसलेही आश्वासन दिले जात नाही. आज आहे ती रचना उद्या उलटीपालटी होऊ शकते आणि हे लेखी बजावलेले आहे. परंतु गाभ्याच्या बाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमांशी असलेला व्यवहार मोडायचा नाही, हा टॉरवाल्ड्स यांचा दंडक आहे. काल चालणारा प्रोग्रॅम गाभ्यातल्या बदलामुळे आज बंद पडला, तर दोष बदल करणाऱ्याचा. प्रोग्रॅम चुकीच्या पद्धतीने लिहिला होता, ही सबब सहसा चालत नाही. उंबरठ्याच्या आत हवी तशी मोडतोड करा, उंबरठ्याबाहेर दिलेला शब्द पाळा, असा हा व्यवहार आहे. वेग आणि स्थैर्य एकाच घरात नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

हा शब्द पाळणे सोपे नसते. जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ सालच्या एका लेखात 'सिमसिटी' या खेळाची हकिकत सांगितली आहे. हा खेळ स्मृतीतली जागा परत केल्यानंतरही ती वाचत असे. खोली सोडल्यावरही तिच्यात वावरणाऱ्या भाडेकरूसारखा. जुन्या प्रणालीत ते खपून जाई, कारण ती खोली लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसे. विंडोज ९५ मध्ये ते खपणार नव्हते. तेव्हा हा विशिष्ट खेळ चालू आहे का, हे ओळखून त्याच्यापुरती स्मृतीची वेगळी व्यवस्था लावणारी तजवीज प्रणालीतच करण्यात आली. चूक खेळाची, भार प्रणालीवर. अशा तजविजी साचत गेल्या की प्रणाली जड होते, तिची अंतर्रचना बोजड होते, ही तक्रार खरी आहे.

ॲपलने नेमका उलटा मार्ग धरला. २००६ मध्ये मॅकचा प्रोसेसर बदलला, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून 'रोझेटा' नावाचा दुभाषा दिला आणि २०११ मध्ये तो काढून घेतला. २०१९ मध्ये ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बाद केले. प्रणाली सुटसुटीत राहिली, हे मान्य. परंतु त्या सुटसुटीतपणाची किंमत कोणी दिली? ज्याचा प्रोग्रॅम लिहिणारा धंदा बंद करून गेला होता आणि ज्याचे काम त्या प्रोग्रॅमवर अवलंबून होते, त्याने. वादाचा खरा मुद्दा आमच्या मते येथे आहे. बदल हवा की नको, हा प्रश्न दुय्यम. बदलाचा खर्च कोणाच्या खाती लिहिला जातो आणि त्याला आधी विचारले होते का, हा मुख्य.

त्या दृष्टीने सेंटओएस या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. तिची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, असे धरून अनेक संस्थांनी आपली कामे तिच्यावर बसवली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की ही मुदत २०२१ च्या अखेरीस संपेल आणि पुढे सेंटओएसच्या नावाने अधिक वेगाने बदलणारा प्रवाह चालू राहील. तो प्रवाह तांत्रिकदृष्ट्या वाईट होता, असा आमचा दावा नाही. लोक चिडले ते वेगावर नव्हे, दिलेली मुदत मध्येच आवरल्यावर. २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन प्रणाली त्या पोकळीतून उभ्या राहिल्या.

वेगाच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या, फाइली आवळण्याच्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. दोन वर्षे विश्वास संपादन करून एका सहभागी व्यक्तीने हे काम केले होते. ही दूषित आवृत्ती डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी प्रवाहांत पोचली होती, स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती. पायऱ्यांची शिडी उपयोगी पडली. पण चोरवाट सापडली कोणाला? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, तेही डेबियनचा अस्थिर प्रवाह वापरत असताना. दूरच्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून ते मुळापर्यंत गेले. स्थिर आवृत्तीत राहणाऱ्यांची सुरक्षितता अस्थिर प्रवाहात राहणाऱ्यांच्या जागरूकतेवर उभी असते. फरक इतकाच की, तेथे राहणाऱ्याने धोका जाणून, आपणहून पत्करलेला असतो. ओव्या टंकित करणाऱ्या विद्यार्थ्यावर तो न सांगता लादला गेलेला असतो.

मराठी वाचकाला हा भेद अनोळखी नाही. १९६२ च्या लेखननियमांनी 'नांव', 'कांहीं' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तेव्हा त्यावर वाद झाले, आजही होतात. तरीही १९५० साली छापलेले पुस्तक आजचा विद्यार्थी न अडखळता वाचतो. लिहिण्याची रीत बदलली, वाचण्याची वाट तुटली नाही. मोडी लिपीचे तसे झाले नाही. ती शाळांतून आणि दफ्तरांतून गेली आणि आज पुण्याच्या पुरालेखागारातल्या कागदांपुढे मराठी भाषेचा पदवीधरही निरक्षर असतो. बाळबोधीचा स्वीकार चुकीचा होता, असे आम्ही म्हणत नाही. छपाईच्या युगात तो सोयीचाच होता. पण जुन्या लिपीचे वाचन पुढच्या पिढीकडे सोपवण्याची जबाबदारी पुरेशी कोणी घेतली नाही आणि ती किंमत आपण अजून फेडतो आहोत.

संगणकावरच्या मराठीला आज जे स्थैर्य आहे, ते युनिकोडच्या अशाच एका वचनामुळे आहे. १९९६ च्या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा बदलाव्या लागल्या आणि त्याचा बराच त्रास झाला. तेव्हापासून एकदा दिलेला अक्षराचा क्रमांक हलवायचा नाही किंवा काढायचा नाही, असे युनिकोडने बांधून घेतले. २००८ साली मराठीला हवा असलेला 'ॲ' त्यात नव्याने दाखल झाला. त्यासाठी आधीच्या एकाही अक्षराला जागा सोडावी लागली नाही. भर घालता येते, मोडता येत नाही. भाषेच्या वाढीचे याहून शहाणे धोरण आम्हांला सुचत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. साहित्याच्या विभागांनी कार्यप्रणाली निवडताना ती किती नवी आहे, हे विचारण्याआधी ती कोणते वचन देते आणि आजवर तिने ते कसे पाळले आहे, हे विचारावे. प्रबंध, मुलाखती, लोकगीतांचे संग्रह युनिकोडमध्ये आणि शक्य तेथे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र एक दिवसही टाळू नयेत. जुन्या फाँटांतल्या फाइली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्या उघडणारे यंत्र जिवंत आहे तोवरच रूपांतर करून घ्यावे आणि मूळ गाणारे किंवा सांगणारे हयात असतील, तर पाठ त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

आमच्या संग्रहात एका ओवीच्या दुसऱ्या चरणात 'सासर' आहे की 'सागर', हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. छापताना आम्ही तेथे दोन्ही पाठ देतो.