चिलापी मरायला लागली तर लपवू नका, कळवा



आजच्या मेसेजमध्ये खाद्याचे दर नाहीत, हवामान नाही. एका विषयावर मत मांडायचं आहे. शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर बैठकीत उभं राहून बोला.

शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात चिलापी (तिलापिया) मरायला लागली की आपल्याकडे काय होतं? मेलेले मासे अंधारात उचलून ओढ्यात टाकायचे, शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि उरलेला माल मिळेल त्या भावाने काढायचा. बातमी फुटली तर व्यापारी भाव पाडेल, ही भीती असते. भीती खोटी नाही. पण लपवून एकाचे चार पैसे वाचतात आणि दहा जणांची तळी बसतात. पुढच्या हंगामात तोच रोग फिरून त्याच्याच तळ्यात येतो.

*तिलापिया लेक व्हायरस*चंच बघा. इस्राएलमध्ये २००९ पासून चिलापी मोठ्या प्रमाणात मरू लागली. विषाणू ओळखून माहिती जाहीर व्हायला २०१४ उजाडलं. पुढे इक्वाडोर, कोलंबिया, इजिप्त, थायलंड इथं तो सापडला आणि २०१७ मध्ये एफएओने जगभर इशारा दिला. थायलंडमधल्या हॅचरींचे जुने साठवलेले नमुने तपासले, तर २०१२ च्या नमुन्यातही विषाणू निघाला. म्हणजे काही वर्षं तो बीजासोबत फिरत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. भारतात पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये तो आढळल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्यापर्यंत यायला त्याला विमान लागत नाही, बोटुकलीची एक पिशवी पुरते.

या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. दुकानदाराने दिलेली बाटली तळ्यात ओतली तर पैसे जातात आणि मासळीत औषधाचे अंश राहतात ते वेगळंच. हा विषाणू माणसाला होत नाही, त्यामुळे घाबरून मासे खाणं सोडायची गरज नाही. पण मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा विकायचा नाही, हे पक्कं.

*ओळखायचं कसं?* बीज सोडल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात मर सुरू होते. मासा खाद्य सोडतो, सुस्त होऊन वर तरंगतो, अंग काळपट पडतं, कातडीवर लाल चट्टे किंवा जखमा दिसतात, डोळे धुरकट होतात किंवा फुगतात, पोट सुजतं. एक खूण लक्षात ठेवा. ऑक्सिजन कमी पडला तर पहाटे आधी रोहू-कटला मरतात, चिलापी बराच वेळ तग धरते. रोहू-कटला ठीक आणि चिलापीच मरतेय, तर रोगाचा संशय घ्या. मात्र जिवाणूच्या रोगातही डोळे फुगतात, म्हणून नुसतं बघून निदान होत नाही. लॅबमध्ये पीसीआर तपासणीच करावी लागते, आणि त्यासाठी कुजलेला नव्हे, जिवंत आजारी मासा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी फोन करा.

आता माझं खरं म्हणणं. नुसतं "कळवा, कळवा" म्हणून कोणी कळवणार नाही. कळवणाऱ्याचं नुकसान होणार नाही याची हमी कंपनीने द्यायला हवी. म्हणून पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडणार आहे:

१. कळवणाऱ्याचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही. आजूबाजूच्या तळेवाल्यांना कंपनीने स्वतः फोन करायचा.

२. नमुना पाठवण्याचा आणि तपासणीचा खर्च कंपनीने करायचा.

३. रिपोर्ट येईपर्यंत त्या तळ्यावरची जाळी, क्रेट, टाक्या दुसरीकडे न्यायच्या नाहीत. नंतर ब्लीचिंगने धुऊन, उन्हात कडक वाळवूनच बाहेर काढायच्या.

४. बीज सगळ्यांनी मिळून, परवानाधारक हॅचरीतून, पावती आणि तपासणी रिपोर्टसह घ्यायचं. टेम्पोवाला दारात आणून देतो ते बिनपावतीचं स्वस्त बीज बंद.

काही जण म्हणतील, एकाच्या तळ्याचा खर्च सगळ्यांनी का सोसायचा? कारण जाळी सगळ्यांची एकच आहे, टेम्पो एकच आहे आणि धरणाचं पाणीही एकच आहे. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवले, वाहतूक थांबवली. त्रास सगळ्यांनी सोसला. गाईसाठी जे केलं ते माशासाठी का नको?

बैठक होईपर्यंत एवढं करा. मर दिसली तर पाणी ओढ्यात सोडू नका. मेलेले मासे तळ्यापासून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा. त्या तळ्यातले जिवंत मासे कोणालाही बीज म्हणून देऊ नका. कंपनीला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' या ॲपवरही नोंद करता येते.

ठरावावर तुमचं मत हो की नाही, ते बैठकीआधी कळवा. नाही असेल तर कारणही लिहा.